चार वर्षांच्या ऑटिझमच्या मुलासाठी कुठला वर्ग? एबीए, टीच, की सगळ्यांसोबतची बालवाडी?

आसावरी_नाशिक | सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार, इथे वर्षभर नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, मोठं झालं तर सांभाळून घ्या. मुलगा ३ वर्षं १० महिन्यांचा, आठ महिन्यांपूर्वी ऑटिझमचं निदान झालं. शब्द पंधरा-वीस आहेत, पण "पा" म्हणजे पाणी, "पा" म्हणजे पापड आणि "पा" म्हणजे पंखा पण, आणि आपण चुकीचा पा दिला की पुढचा अर्धा तास घर डोक्यावर. आकडे शंभरपर्यंत वाचतो, कुकरच्या शिट्ट्या, झाकणं, वाट्या सगळं एका रेषेत लावतो, हाक मारली तर दहातून दोनदा बघतो. स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) चालू आहे, आठवड्यातून दोन-दोन दिवस.

आता प्रश्न जूनचा. दोन पर्याय आहेत. पहिलं एक सेंटर आहे, सहा मुलं, तीन टीचर, सकाळचे साडेतीन तास, सगळं टेबलवर एकास एक, एबीए म्हणतात (वागणुकीच्या शास्त्रावर आधारलेली शिकवण्याची पद्धत), प्रत्येक गोष्टीची वहीत नोंद. त्यांचं म्हणणं हीच एकमेव सिद्ध झालेली पद्धत आहे आणि खरं तर आठवड्याला ४० तास पाहिजेत, आम्ही कमीच देतोय. दुसरी घराजवळची साधी बालवाडी, २४ मुलं, तिथल्या मॅडमना मनापासून घ्यायचंय, त्यांच्याकडे असा एक मुलगा आधीपासून आहे आणि स्पेशल एज्युकेटर आठवड्यातून तीन दिवस येतात. त्या म्हणाल्या आम्ही लीपसारखं करतो, मुलंच मुलांना शिकवतात. वर आमच्या ओटीवाल्या ताईंनी तिसरंच पिल्लू सोडलं, म्हणे याला डोळ्यांनी जास्त कळतं, टीच पद्धतीचा वर्ग मिळतो का बघा.

नवऱ्याचं मत सेंटर. सासूबाईंचं मत काहीच नको, "हा पण चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता" (हा म्हणजे माझा नवरा, आणि आता तो थांबत नाही हे खरंय). मला फक्त एवढंच विचारायचंय की या पद्धती कोणी कधी शेजारी-शेजारी ठेवून तपासल्यात का, का प्रत्येक जण आपल्याच दुकानाची पाटी वाचून दाखवतोय? गुगल केलं की प्रत्येक जण "संशोधनाने सिद्ध" म्हणतो.

खडू_फळा | मंगळवार, सकाळी ६:३०

आसावरी, मी पुण्यात स्पेशल एज्युकेटर आहे, १४ वर्षं झाली. शाळेला निघायच्या आधी लिहितेय म्हणून घाईघाईत.

आधी ही तीन नावं म्हणजे वर्गात प्रत्यक्ष काय असतं ते सांगते, कारण नाव एक आणि आत भलतंच असं मी फार पाहिलंय.

टेबलवरचं जे तुम्ही सांगताय त्याला डीटीटी म्हणतात, एबीएचा तो एक प्रकार. एक छोटी सूचना, मुलाचं उत्तर, लगेच बक्षीस, थोडं थांबायचं, परत तेच. "लाल दे". दिला, चिप्सचा तुकडा. ४० तासांचा आकडा येतो मानसशास्त्रज्ञ लोव्हास यांच्या १९८७ च्या अभ्यासातून, लॉस एंजेलिसमधला. त्यात १९ लहान मुलांना आठवड्याला ४० तास, दोन-दोन वर्षं शिकवलं आणि त्यातली ९ मुलं साध्या वर्गात पहिली पास झाली. मोठीच बातमी होती ती. पण मुलं कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, शिकवणारा माणूस मोकळा आहे का यावर ठरलं होतं, आणि त्या काळी जोरात "नो" ओरडणं, मांडीवर चापट मारणं हेही त्यात होतं हे सेंटरवाले सांगत नाहीत. आता चांगल्या ठिकाणी तसं कोणी करत नाही, पण ४० चा आकडा मात्र जसाच्या तसा वापरतात.

टीच हे नॉर्थ कॅरोलिनातलं, चॅपल हिलच्या विद्यापीठातलं, एरिक शॉप्लर यांनी सुरू केलेलं, १९७२ पासून त्या अख्ख्या राज्याचा कार्यक्रम झाला. मला हा माणूस आवडतो तो वेगळ्या कारणासाठी. आई थंड असते म्हणून मूल असं होतं असं मोठमोठे डॉक्टर म्हणत होते त्या काळात याने आईबापांनाच शिकवायला सोबत घेतलं. वर्गात टीच म्हणजे काय, तर मुलाला न सांगता दिसलं पाहिजे की मी कुठे बसायचं, किती काम आहे, संपलं कसं कळणार आणि संपल्यावर काय. डाव्या हाताला तीन टोपल्या, उजव्या हाताला "झालं"ची टोपली. भिंतीवर दिवसाची चित्रं. कपाट आडवं लावून कोपरे केलेले. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं इथे कोणी शिकवतच नाहीये, कारण बाई बोलतच नाहीत फारशा.

लीप फिल स्ट्रेन यांचं, १९८१ पासून, आधी पिट्सबर्ग. दहाएक साधी मुलं आणि तीन-चार ऑटिझमची, एकाच वर्गात. आणि आता नीट वाचा, साध्या मुलांना *शिकवतात* की मित्राचं लक्ष कसं वेधायचं, खेळणं कसं पुढे करायचं, कसं मागायचं, खेळ कसा सुचवायचा, शाबासकी कशी द्यायची. त्याचा सराव घेतात, तक्ते असतात. नुसतं एकत्र बसवणं म्हणजे लीप नाही. २४ मुलांत एक मूल सोडून "मुलंच मुलांना शिकवतात" म्हणणं म्हणजे पोहायला शिकवतो म्हणून विहिरीत ढकलणं.

बस आली. उरलेलं संध्याकाळी.

आजोबा_सांगली | मंगळवार, सकाळी ९:१५

आमच्या नातवाला सात वर्षे झाली, सगळे करून झाले, त्यामुळे हक्काने सांगतो. पद्धती वगैरे ठीक आहे, बाई कशी आहे ते बघा. आमच्याकडे भारी सेंटर सोडले आणि एका साध्या बाईकडे घातले, जिला इंग्रजी पण धड येत नव्हते, तिने पोराला सहा महिन्यात स्वतःचे जेवायला शिकवले. ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून. सेंटरात दोन वर्षे लाल-निळे-पिवळे चालू होते.

कॅरीकर | मंगळवार, दुपारी ४:०५

आसावरी, तुम्ही जे विचारलंय ना, शेजारी-शेजारी ठेवून तपासलं का, ते अगदी तस्संच झालेलं आहे आणि योगायोगाने आमच्याच राज्यात. मी नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला राहतो, चॅपल हिल आमच्यापासून अर्ध्या तासावर, त्यामुळे इथे टीच म्हणजे आपल्याकडे कसं बालवाडी म्हटलं की सगळ्यांना कळतं तसं आहे.

२०१४ मध्ये छापून आलेला अभ्यास आहे. नॉर्थ कॅरोलिना, कोलोरॅडो, फ्लोरिडा, मिनेसोटा अशा चार राज्यांतले सरकारी प्रीस्कूलचे वर्ग घेतले, ३ ते ५ वर्षांची १९८ मुलं. काही वर्ग पक्के टीचवाले, काही पक्के लीपवाले आणि काही कुठलंच एक नाव न लावणारे, म्हणजे टीचर याच्यातलं थोडं त्याच्यातलं थोडं घेऊन चालवतात तसे. सुरुवातीला मोजलं, शाळेचं वर्ष संपताना परत मोजलं. ऑटिझमची लक्षणं, भाषा, संवाद, हात चालवणं वगैरे सगळं.

निकाल काय? तिन्हीकडची मुलं पुढे गेली. आणि तिन्हींमध्ये म्हणण्यासारखा फरक नाही!

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं सांगतो वैतागलो होतो, कारण आम्ही टीचवाल्या वर्गासाठी घर बदललं होतं, पाच मैल फक्त, पण बदललं होतं आणि भाडं वाढलं ते वेगळंच. बायको म्हणाली बरं झालं आधी नाही वाचलंस, नाहीतर अजून दोन महिने एक्सेल शीट करत बसला असतास.

त्या ४० तासांचं पण सांगतो. २०२१ मध्ये अमेरिकेत तीन ठिकाणी मिळून अजून एक तपासणी झाली, याच्यापेक्षा लहान मुलं, साधारण एक ते अडीच वर्षं, ८७ मुलं, आणि यावेळी चिठ्ठ्या टाकून गट पाडले. काहींना टेबलवरच्या पद्धतीचं, काहींना खेळातून शिकवण्याचं, आणि दोन्हींत काहींना आठवड्याला १५ तास तर काहींना २५. वर्षभराने एकूण बघितलं तर पद्धतीनेही फरक नाही आणि तासांनीही नाही. म्हणजे ४० नाही दिले तर पोराचं वाटोळं झालं ही जी भीती घालतात ना ती मनातून काढून टाका आधी.

पीठ_मीठ | मंगळवार, संध्याकाळी ५:२०

मग काय काहीही केलं तरी चालतं असं झालं ना हे? सासूबाई बरोबर म्हणत होत्या म्हणायचं का 😅

खडू_फळा | मंगळवार, रात्री ८:४५

पीठ_मीठ, नाही, आणि नेमकं इथेच लोक घसरतात.

कॅरीकर म्हणतायत त्या अभ्यासात तिन्ही प्रकारचे वर्ग आधी बघून, पारखून घेतलेले होते. दर्जा चांगला, टीचरला अनुभव, आणि ज्या पद्धतीचं नाव लावलंय ती खरंच चालते का हे तपासलेलं. बिननावाचे वर्ग पण चांगलेच होते. म्हणजे तीन चांगल्या खाणावळीत जेवलात आणि तिन्हीकडे पोट भरलं असं ते आहे. त्यावरून कुठेही खा असं निघत नाही, आणि उपाशी राहा असं तर मुळीच निघत नाही. शिवाय त्यात मुलं चिठ्ठ्या टाकून वाटली नव्हती, जो ज्या वर्गात होता तो होता.

आता त्याच्या शेजारी दुसरा अभ्यास ठेवा. लीपवाल्यांचा स्वतःचा, २०११ चा. यात वर्ग चिठ्ठ्या टाकूनच वाटले, २८ इकडे, २८ तिकडे. इकडच्या २८ वर्गांच्या टीचरना दोन वर्षं प्रशिक्षण, कोणीतरी वर्गात येऊन बसणार, चुका दाखवणार, करून दाखवणार. तिकडच्या २८ ना काय दिलं? लीपची पुस्तकं. तीच पद्धत, तेच सगळं लिहिलेलं, फक्त शिकवायला कोणी नाही. दोन वर्षांनी शिकवलेल्या वर्गांतली मुलं स्पष्ट पुढे होती, भाषेत, वागण्यात, मिसळण्यात.

मला हा अभ्यास टीच-लीपच्या भांडणापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. पद्धत दोन्हीकडे एकच होती हो! फरक होता तो बाईच्या मागे कोणी उभं होतं की नव्हतं याचा. आपल्याकडे काय होतं, एक मॅडम दोन दिवसांचं वर्कशॉप करून येते, सर्टिफिकेट फ्रेम करून रिसेप्शनला लावते आणि फी वाढते. रोज मुलासमोर बसणारी मुलगी बारावी पास, सहा महिन्यांत सोडून जाते, तिला कोणी काही शिकवलेलं नसतं. मी तिला दोष देत नाहीये, पगार बघितलात तर तुम्हीही देणार नाही.

म्हणून आजोबांचं पटतं पण अर्धंच. त्या बाईला कोणी ना कोणी शिकवलं असेल, नाहीतर तिने दहा वर्षं मुलं बघितली असतील. तशी बाई नशिबाने मिळते, आणि नशिबावर जून काढता येत नाही.

आसावरी, दोन्हीकडे जाऊन एक पूर्ण तास मागे बसून बघा. बसू देत नसतील तर तिथेच उत्तर मिळालं. आणि हे विचारा: माझ्या मुलासमोर रोज कोण बसणार, तिला कोण शिकवतं, आणि शिकवणारा माणूस वर्गात शेवटचा कधी येऊन बसला होता. पद्धतीचं नाव विचारूच नका.

त्रिकोणी_वाटाणा | मंगळवार, रात्री १०:१०

मी स्वतः ऑटिस्टिक आहे, वय २३, ठाणे. आईने ही लिंक पाठवली म्हणून लिहितोय.

मी साडेचार ते सात टेबलवर होतो. बाई "माझ्याकडे बघ" म्हणायच्या आणि बघितलं की जेम्सची एक गोळी. मी शिकलो काय, तर भुवयांच्या मध्ये बघायचं म्हणजे गोळी मिळते. ऐकायचं असेल तर मला खाली बघावं लागतं, अजूनही, पण तेव्हा खाली बघितलं की परत पहिल्यापासून. हात हलवले की हात धरून ठेवायच्या. त्या वाईट नव्हत्या, त्यांना तसंच शिकवलं होतं. मला अजून कोणी हात धरला की पोटात ढवळतं.

पण त्याच टेबलवर मी वाचायला पण शिकलो, तेही सांगायला पाहिजे. रोज एकच वेळ, एकच खुर्ची, पुढे काय येणार ते माहीत, ते मला आवडायचं. आवडत नव्हतं ते एवढंच की नाही म्हणता यायचं नाही.

तर तास बघायला जाल तेव्हा हे बघा की मूल नको म्हणालं, शब्दाने नाही तर मान फिरवून, ढकलून, तर टीचर काय करते. बाकी तुम्हाला दिसेलच.

कॅरीकर | बुधवार, पहाटे ३:३०

वाटाणा, तू लिहिलंस ते बायकोला वाचून दाखवलं, ती बराच वेळ गप्प होती. थँक्यू रे.

आसावरी, खडू_फळा बाईंनी सांगितलं ते सोळा आणे खरं, फक्त आमच्या वर्गात काय बघितलं ते थोडं सांगतो म्हणजे तुम्हाला काय बघायचं ते कळेल. आमच्या लेकाच्या वर्गात आठ मुलं होती, प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. याचं फोटोंचं, दुसऱ्या एकाचं खऱ्या वस्तूंचं, म्हणजे चमचा दिला की जेवायला जायचं. हा पहिल्या दिवशी वर्गात शिरला आणि जमिनीवर आडवा पडला. कोणी उचललं नाही, कोणी "बेटा बेटा" केलं नाही. टीचरने त्याच्या नाकासमोर जमिनीवर एक फोटो ठेवला, पाण्याच्या टेबलचा, आणि बाजूला जाऊन बसली. चार-पाच मिनिटांनी हा उठला, फोटो घेतला आणि गेला. मी बाहेर काचेतून बघत होतो, त्या दिवशी ऑफिसला उशिरा गेलो.

घोळ कुठे झाला ते पण सांगतो. शाळेत सगळं जमायचं आणि घरी आला की शून्य. शाळेत स्वतः बूट घालणारा मुलगा घरी पाय पुढे करून बसायचा. सहा महिन्यांनी डोक्यात उजेड पडला की वेळापत्रकाच्या चित्रपट्ट्या शाळेतच आहेत, घरी आम्ही नुसते बोलतोय, आणि ते पण मराठीत. मग घरच्या पट्ट्या केल्या, चित्राखाली मराठीत लिहून, "आंघोळ", "बूट", "गाडी". आजी आली होती तेव्हा पुण्याहून, तिने सगळ्यांत आधी उचललं, तिला तोंडाने कमी बोलायचं जमलं नाही तो भाग वेगळा.

आणि हो, मराठी सोडू नका. आम्हाला इथे एकीने सांगितलं होतं घरी फक्त इंग्लिश बोला, दोन भाषांनी गोंधळेल. आम्ही चार महिने पाळलं, घरात सगळे मुके झाले, आजीला फोनवर काय बोलणार तो. दोन भाषांमुळे ऑटिझमच्या मुलांचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, हे नंतर दुसऱ्या स्पीचवाल्या बाईंनी सांगितलं. नाशिकमध्ये तुमच्या दोन्ही शाळा कदाचित इंग्लिश मिडियमवाल्या असतील म्हणून सांगतोय. आज तो नऊ वर्षांचा आहे आणि आईवर चिडला की अस्सल मराठीत चिडतो.

म्हापशेकरीण | बुधवार, सकाळी ११:००

वर्गाचंच बोलणं चाललंय म्हणून घरचं सांगते. आमच्या गोव्यात आणि पाकिस्तानात रावळपिंडीला मिळून एक अभ्यास झाला होता, गोव्यातून संगाथ संस्थेने केलेला, २०१५ ला लॅन्सेटच्या मासिकात आला. ६५ मुलं होती. त्यात थेरपिस्ट नाही, डॉक्टर नाही, त्याच कामासाठी शिकवून तयार केलेले साधे कार्यकर्ते सहा महिन्यांत बारा वेळा घरी जायचे. करायचं काय तर आई आणि मूल खेळतायत त्याचा व्हिडिओ काढायचा आणि मग आईबरोबर बसून तोच बघायचा. इथे त्याने बघितलं तुझ्याकडे, तू तेव्हा काय करत होतीस? बस. आयांचं मुलाच्या कलाने जाणं वाढलं आणि मुलं आपणहून आईशी संवाद सुरू करायला लागली जास्त.

मी त्या अभ्यासात नव्हते हां, माझी मुलगी नंतरची. पण आमच्या थेरपिस्टने तोच मोबाइलचा प्रयोग करायला लावला. पहिला व्हिडिओ बघून मला रडू आलं. पाच मिनिटांत मी तिला एकवीस प्रश्न विचारले होते, हे काय, कुठला रंग, माऊ कशी करते, आणि ती दोनदा माझ्याकडे खेळणं घेऊन आली होती ते मला दिसलंच नव्हतं, मी पुढचा प्रश्न शोधत होते. फुकटात होतं हे, आजच करून बघा. शाळा कुठलीही घ्या.

तिसरामजला | बुधवार, दुपारी १:३०

आमच्या ओळखीत एकांनी स्टेम सेल केलं, चार लाख, तीन महिन्यांत बोलायला लागेल म्हणाले होते. नंबर हवा असेल तर मेसेज करा.

खडू_फळा | बुधवार, दुपारी २:०५

नंबर नकोय, कोणीही मेसेज करू नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच सांगितलंय की ऑटिझमसाठी स्टेम सेलची शिफारस नाही. चार लाखांत एका चांगल्या टीचरचा वर्षभराचा पगार निघतो.

आसावरी_नाशिक | शनिवार, रात्री १२:२०

सगळ्यांचे खूप आभार. वाटाणा, तुझे विशेष. दोन्हीकडे जाऊन आले, एक-एक तास नाही, पूर्ण सकाळ बसले.

सेंटर: टीचर चांगली आहे, हे मान्यच करायला पाहिजे. वयाने लहान, पण हातात वही, मुलगा चुकला की ओरडली नाही, सोपं करून परत विचारलं. तिला कोण शिकवतं विचारलं तर वरिष्ठ मॅडम दर शुक्रवारी येऊन बसतात, मागच्या आठवड्याच्या सुधारणा मला वहीत दाखवल्या पण. एका मुलाने मान फिरवली तेव्हा मी श्वास रोखून बघत होते, तिने कार्ड पुढे केलं, "ब्रेक" चं, त्याने हात लावला आणि दोन मिनिटं खिडकीत जाऊन उभा राहिला. म्हणजे नको म्हणायची सोय आहे. पण साडेतीन तासांत सहा मुलं एकमेकांशी एकदाही काही करताना दिसली नाहीत. डबा पण आपापल्या टेबलवर, भिंतीकडे तोंड करून. माझ्या पोटात कालवलं ते बघून. आणि ४० तासांचं विचारलं तर मॅडम जरा हसल्या, म्हणाल्या ते माहितीपत्रकात असतं हो.

बालवाडी: गोंगाट इतका की मीच कानावर हात ठेवला. तो दुसरा मुलगा कोपऱ्यात स्पेशल एज्युकेटरबरोबर वेगळी चटई टाकून बसलेला, म्हणजे वर्गात असून बेटावर. ती ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी काय, तर "फिरतो इकडेतिकडे, त्रास नाही देत." खडू_फळा, तुमची विहीर आठवली. पण मग डबा खायची वेळ झाली आणि एक दोन वेण्यांची मुलगी, कोणी न सांगता, त्याच्यासमोर जाऊन बसली, आपली पोळी त्याच्या ताटलीत ठेवली आणि थांबली. नुसती थांबली. त्याने तिची पोळी उचलून परत तिच्या डब्यात ठेवली. तिने परत त्याच्या. असं सात-आठ वेळा चाललं आणि तो हसत होता. मॅडमना मी म्हटलं हे किती छान, तर त्या म्हणाल्या कुठे काय, आमचं लक्षच नव्हतं.

आता मी जास्तच गोंधळलेय.

खडू_फळा | शनिवार, सकाळी ७:१०

कुठे गोंधळलात, सगळं तर बघून आलात!

तुमच्या जागी मी असते तर सेंटर घेतलं असतं, पण दोन अटी घालून. एक, डबा एकत्र, एकाच मोठ्या टेबलावर, आणि त्यात रोज एक तरी मागायची-द्यायची संधी. सेंटरला यात काही खर्च नाही. टेबलवर शिकलेलं "दे" जर डब्यात वापरता येत नसेल तर ते शिकलेलंच नाही, हे त्या शुक्रवारवाल्या मॅडमना पटेल, त्यांना माहीत असतंच. दोन, शनिवारी किंवा संध्याकाळी एक तास बालवाडीतली दोनच मुलं, २४ नाही, दोन. त्यातली एक ती वेण्यांची. आईला विचारा, घरी खेळायला बोलवा, आणि तिला दोन गोष्टी शिकवा, खेळणं पुढे कसं करायचं आणि थांबायचं कसं. थांबायचं तर तिला येतंच. लीपचा गाभा घरच्या गॅलरीत. वर्षाने परत बघू, बालवाडीवाल्या मॅडमना मनापासून घ्यायचंय ना, मग त्या एज्युकेटरने मुलाला शिकवायच्या ऐवजी वर्गातल्या बाईंना आणि मुलांना शिकवलं तर ती जागा सोन्यासारखी होईल. त्यांना तसं सांगून बघा, रागावणार नाहीत.

कागदपत्रांचं राहिलं. दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर आता काढा, २०१६ च्या कायद्यात ऑटिझम आहे. कार्ड आलं की नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्याचं बघा, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्च पण त्यात येतो.

पीठ_मीठ | शनिवार, सकाळी ९:००

ती वेण्यांची मुलगी 🥹 तिला कोणी तरी कामावर ठेवा.

आसावरी_नाशिक | पुढचा बुधवार, रात्री १०:४०

अपडेट. सेंटरने डब्याचं मान्य केलं, लगेच नाही, "बघू" म्हणाले, मग फोन आला की जूनपासून करतो. वेण्यांच्या मुलीची आई आमच्याच लेनमध्ये राहते निघाली, रविवारी येणार आहेत.

म्हापशेकर ताई, व्हिडिओ काढला. माझे सतरा प्रश्न. नवऱ्याचे तेवीस, त्यामुळे घरात मीच जिंकले.

आणि कॅरीकर, पट्टी केली, फक्त दोनच चित्रं, आधी आंघोळ मग पंखा. पंखा कारण त्याला पंख्याखाली झोपून बघायला फार आवडतं. पहिले दोन दिवस पट्टी चावली. आज स्वतः आंघोळीचं चित्र पट्टीवरून काढलं, बादलीत टाकलं आणि पंख्याचं घेऊन माझ्याकडे आला, "पा" म्हणाला. कुठला पा ते विचारावं लागलं नाही. सासूबाई बघत होत्या, काही बोलल्या नाहीत, पण जेवताना विचारत होत्या की जेवणाचं पण असं चित्र करता येतं का.

कॅरीकर | गुरुवार, पहाटे ४:१५

जबरदस्त!! आता लगेच सगळं लॅमिनेट करून घ्या आणि प्रत्येकाच्या तीन-तीन कॉप्या. आमची पहिली पट्टी वरणात गेली होती.